हॉलचा कोपरा डावीकडे होता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा येईपर्यंत वेळ आहे. फजिती माझीच आहे, त्यामुळे तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. या सगळ्यात मी जेवढा मूर्ख ठरलो, तेवढाच मला त्याचा अभिमान वाटतो. आता हे दोन्ही एकदम कसं जमतं, ते ऐका.

मी अंबादास. टॉवेलच्या कारखान्यात डिझायनर, एकतीस वर्षं झाली. टॉवेलच्या काठावर जी वेल असते, मधोमध जो मोर असतो, हॉटेलच्या टॉवेलवर जे नाव विणलेलं असतं, ते सगळं आधी कुणीतरी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून काढलेलं असतं. तो कुणीतरी म्हणजे मी. आता कॉम्प्युटर आलाय, तरी माझं पहिलं चित्र कागदावरच होतं. पेन्सिल हातात असल्याशिवाय मला सुचतच नाही.

हे झालं पोटासाठी. जिवासाठी मी ट्रॅक काढतो.

कसला ट्रॅक? तळहातावर मावेल एवढी रेसची गाडी असते, स्लॉट कार म्हणतात तिला. तिच्या पोटाखालचा खुंट ट्रॅकमधल्या खाचेत बसतो, खाचेशेजारच्या पट्ट्यांतून करंट येतो आणि हातातला ट्रिगर दाबला की गाडी सुटते. जुन्या प्रकारात एका खाचेत एकच गाडी. डिजिटलमध्ये प्रत्येक गाडीत चिप असते, त्यामुळे दोन खाचांत सहा गाड्या पळतात, आणि बटण दाबलं की तुमची गाडी एका खाचेतून दुसरीत जाते. पण मनाला येईल तिथं नाही हं. जिथं ‘चेंजर’ नावाचा तुकडा बसवलाय, फक्त तिथंच. काही चेंजर डावीकडे नेतात, काही उजवीकडे.

म्हणजे खरा खेळ कुणाच्या हातात? ट्रॅक काढणाऱ्याच्या. चेंजर वळणाच्या अगदी तोंडाशी ठेवला तर गाड्या एकमेकींवर आदळतात. फार अलीकडे ठेवला तर पुढं जाण्यात काही थरारच उरत नाही. सगळी वळणं रुंद केली तर लोक जांभया देतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, प्रत्येक कोपऱ्यापर्यंत माणसाचा हात पोचला पाहिजे, कारण उडालेली गाडी परत खाचेत कोण ठेवणार? मी जिन्याखालच्या जागेत ट्रॅक बसवून दाखवलाय. एका मित्राच्या पलंगावर बसवलाय, त्याची बायको माहेरी गेली होती तेवढ्या चार दिवसांत. सोलापुरात हे काम माझ्याइतकं कुणाला जमत नाही. आम्ही खेळणारे मोजून सहा जण आहोत हे खरं, पण त्या सहांत तरी जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जण कुर्डुवाडीला खेळायला गेलो. तिथं रेल्वे वर्कशॉपमधले थोरात आणि त्यांच्या मंडळींनी पत्र्याच्या शेडमध्ये कायमचा ट्रॅक मांडलाय. आम्ही सपाटून हरलो. हरण्याचं दुःख नाही. पण निघताना थोरातांनी विचारलं, तुमचा ट्रॅक कुठं आहे, आम्ही कधी यायचं? आमचा ट्रॅक म्हणजे रविवारी जमिनीवर मांडायचा आणि संध्याकाळी खोक्यात भरायचा. ते ऐकून थोरात मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या. तुमी सोलापूरवाले चादरी करा, ट्रॅक आमच्यावर सोडा.”

परतीच्या गाडीत मोहोळ येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, आपलाही कायमचा ट्रॅक करायचा.

जागेचा प्रश्न हिरेमठ सरांनी सोडवला. सर म्हणजे वयानं आमच्यातले सगळ्यात थोर, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. विजापूर रोडला त्यांचा जुळा बंगला आहे. म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरं, एकात सर आणि दुसऱ्यात जाधव म्हणून एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. या दोघांचं आठ वर्षं बोलणं बंद होतं. जाधवांच्या टाकीचं पाणी सरांच्या बाजूला वाहायचं, त्यावरून सुरू झालं आणि मग पाणी थांबलं तरी अबोला थांबला नाही. सरांच्या घरी गेलो की जाधवांकडे बघायचंसुद्धा नाही, हा अलिखित नियम.

सरांचा वरचा हॉल एल आकाराचा. जिन्यातून आत शिरलात की सरळ लांबलचक, आणि पार टोकाला जाऊन डावीकडे वळलेला. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हॉल द्यायला तयार झाल्या. अट एकच, बाल्कनीचं दार मोकळं राहिलं पाहिजे, वाळवणं तिथंच असतात. मी म्हटलं, वहिनी, दार काय, दाराची कडीसुद्धा मोकळी राहील.

मी स्वतः माप घेतलं. कच्चं चित्र जागेवरच काढलं. अहो, काय ट्रॅक होता तो. जिन्याच्या बाजूनं सुटायचं, पूर्ण हॉलभर सरळ, मग कोपऱ्यात मोठं वळण, आतल्या हातात तीन नागमोडी वळणं, आणि परत येताना एक अशी अवघड जागा की तिथं दोन गाड्या एकदम शिरल्या तर एकीला माघार घ्यावीच लागणार. एका आठवड्यानं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्याची पक्की प्रत काढायला बसलो. माझं नेहमीचं टेबल, नेहमीची पेन्सिल, नेहमीचा ग्राफ. समोर एका हॉटेलच्या टॉवेलचं काम अर्धवट पडलेलं. तासाभरात प्रत तयार. इतकी देखणी झाली होती की मी मोबाईलवर तिचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिनं उत्तरात विचारलं, येताना कोथिंबीर आणताय ना?

टेबल करायचं काम कुंभारीच्या लक्ष्मण मिस्त्रींना दिलं. तीन भागांचं टेबल, बोल्टनं जोडायचं, कोपऱ्याच्या भागाला आतून गोलाई. मिस्त्री कमी बोलणारा माणूस. कागद बराच वेळ बघून ते म्हणाले, “सायेब, एकदा खोली बघून येतो की.”

आता इथं मी काय करायला पाहिजे होतं? चला मिस्त्री, म्हणायला पाहिजे होतं. पण एकतीस वर्षांचा डिझायनर असं कशाला म्हणेल? मी त्यांना समजावलं की माझ्या कागदावर एक चौकोन इकडचा तिकडे होत नाही, माझ्या कागदावरून हजारो टॉवेल विणले जातात, तुम्ही खोली विसरा आणि कागद बघा. मिस्त्रींनी मान डोलावली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

टेबल झालं. त्यानंतरचे तीन रविवार आम्ही सगळे कुंभारीला मिस्त्रींच्या शेडमध्ये. टेबलाला हिरवा रंग दिला, ट्रॅकचे तुकडे स्क्रूनं पक्के केले, खालून वायरी ओढल्या, चेंजर बसवले. कागद आणि टेबल यांत सुताचा फरक नव्हता. सर तर टेबलाभोवती हात मागं बांधून फिरत होते, जसे परीक्षेच्या वर्गात फिरायचे. मीही फिरत होतो. त्या तीन रविवारांत आमच्या सहांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. मिस्त्रींचं कौतुक करताना मी एकदा त्यांना म्हटलंसुद्धा, बघा, खोली बघायची गरज पडली का?

मग मी कुर्डुवाडीला फोन लावला आणि थोरातांना रविवारचं आमंत्रण दिलं. नुसतं आमंत्रण देऊन थांबलो असतो तर बरं. मी म्हणालो, चादरी बघायला या.

शनिवारी सकाळी मिस्त्री टेम्पो घेऊन आले. त्यांच्या दोन माणसांनी तिन्ही भाग जिन्यावरून वर चढवले. पहिला भाग ठेवला, दुसरा जोडला, सरळ रस्ता जिन्यापासून टोकापर्यंत अगदी कापून घातल्यासारखा बसला. मी वहिनींना वर बोलावलं. मग तिसरा, वळणाचा भाग आणला, आणि तो भिंतीत जायला लागला.

हॉल डावीकडे वळत होता. टेबल उजवीकडे वळत होतं.

मग मी, अगदी शांतपणे, मिस्त्रींना म्हणालो की तुम्ही उलटं बनवलंय. लक्षात घ्या, ज्या टेबलावर मी तीन रविवार स्वतःच्या हातानं स्क्रू पिळले, ते उलटं असल्याचा ठपका मी त्या माणसावर ठेवला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर ठेवला. कागदावर हॉल उजवीकडेच वळत होता.

मग मी सरांकडे वळलो. म्हटलं, सर, माप घेताना तुम्ही टेपचं दुसरं टोक धरलं होतं, तुम्ही काही वेगळं सांगितलं होतं का? सर कानडीत काहीतरी पुटपुटले. सर कानडीत गेले की समजायचं, मराठीत बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्यातला एक जण म्हणाला, टेबल पालथं घातलं तर? पालथं घातलं तर खोलीत बसेल, पण ट्रॅक जमिनीकडे आणि पाय छताकडे.

तेवढ्यात वहिनींनी कागद उचलला. खिडकीशी गेल्या, काचेवर धरला, आणि मग तो उलटा करून पाठीकडून धरला. उन्हात आरपार सगळं दिसत होतं. अक्षरं उलटी झाली, पण खोली सुलटी झाली.

“असा बघितला तर बरोबर आहे की,” वहिनी म्हणाल्या.

आणि तेव्हा मला कळलं. आमच्या मागांवर टॉवेलची चांगली बाजू विणताना खाली असते. त्यामुळे नाव विणायचं असेल तर ग्राफवर ते आरशात दिसतं तसं उलटं काढावं लागतं. एकतीस वर्षं मी उलटं काढतोय, इतकं सवयीनं की हाताला आता सांगावं लागत नाही. त्या दिवशी त्याच टेबलावर, हॉटेलच्या टॉवेलशेजारी बसून, माझ्या हातानं सरांचा अख्खा हॉल उलटा केला होता. सरांचा हॉल टॉवेलवर विणायचा असता तर तो तंतोतंत आला असता.

हे सगळं मी सांगितलं. मिस्त्रींची मी माफी मागितली. ते म्हणाले, “तुमचा कागद बरोबरच हाय सायेब. खोली चुकली.” हे ते चेष्टेनं म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

आता काय? दुरुस्ती करायची म्हणजे टेबल नवं, वायरी नव्या आणि चेंजरसुद्धा नवे, कारण डावीकडे नेणारे मी चार घेतले होते आणि उजवीकडे नेणारे दोनच, सुलट्या ट्रॅकला बरोबर उलटे लागणार. ते मिळणार पार्सलनं. आणि थोरात उद्या सकाळच्या गाडीनं येणार. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. खरं सांगतो, फोन करून सरांना बरं नाही असं सांगावं, इथवर माझी मजल गेली होती.

मिस्त्री बाल्कनीत विडी ओढायला गेले होते. ते आत आले आणि सरांना म्हणाले, “शेजारचं घर तुमच्या घराच्या बरोबर उलटं हाय न्हवं?”

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी पंख्याकडे बघितलं.

जुळा बंगला. एकाच भिंतीच्या दोन बाजू. सरांचा हॉल डावीकडे वळतो, म्हणजे जाधवांचा उजवीकडे वळणार. माझा ट्रॅक ज्या खोलीसाठी काढला गेला होता ती खोली जगात होती, आणि नेमकी भिंतीच्या पलीकडे होती.

सर म्हणाले, मी जाणार नाही. कुणी जा असं म्हटलंही नव्हतं. चूक ज्याची, जाणंही त्याचंच. मी जाधवांची बेल वाजवली.

दार उघडणारा माणूस उंच, बनियन आणि पायजमा, हातात निम्मी सोललेली लसणाची पाकळी. बायको वारल्यापासून एकटेच राहतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न केला, “हिरेमठांनी पाठवलंय?”

मी म्हटलं, “नाही. मी चुकलोय म्हणून आलोय.”

त्यांनी बसायला सांगितलं. मग मला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगावं लागलं, स्लॉट कार म्हणजे काय इथपासून टॉवेल उलटा का विणतात इथपर्यंत. ते लसूण सोलत ऐकत होते. खिडकीची गोष्ट आली तेव्हा त्यांच्या हातातली पाकळी खाली पडली आणि ते हसायला लागले. थांबेचनात. डोळे पुसत ते म्हणाले की वरचा हॉल तीन वर्षं रिकामाच पडलाय, झाडून घ्यावा लागेल, तेवढा तुम्ही झाडा.

मी झाडला. गुपचूप झाडला.

टेबल पुन्हा जिन्यावरून खाली आणि दुसऱ्या जिन्यानं वर न्यायला मिस्त्री तयार नव्हते. त्यांनी दाखवलं की दोन्ही बाल्कन्यांमध्ये कमरेएवढा कठडा आहे, तिन्ही भाग त्यावरून सरळ पलीकडे देता येतील. पहिले दोन गेले. वळणाचा भाग सगळ्यात जड. पलीकडे मिस्त्रींची दोन माणसं आणि मी, अलीकडे बाकीचे. अर्धा भाग कठड्यावर आला आणि कलला. इकडून जो हात पुढं आला तो सरांचा, आणि पलीकडून जो आला तो जाधवांचा. दोघांच्या हातात एकच फळी, मधे कठडा, खाली रस्ता.

आम्ही श्वास रोखून उभे. टेबलासाठी नाही, तुम्हाला कळलंच असेल.

सर म्हणाले, “धरलंय का?”

जाधव म्हणाले, “धरलंय. सोडा तुम्ही.”

सरांनी सोडलं. आठ वर्षांत दोघं एवढंच बोलले. पण थोड्या वेळानं बघतो तर सर जिन्यानं खाली उतरून, फाटकातून बाहेर पडून, शेजारच्या फाटकातून आत येत होते. हातात पाना होता. बोल्ट पिळायला आलोय, म्हणाले. जाधवांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली.

टेबल बसलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत जिथं जेवढी जागा सोडायला हवी तिथं तेवढीच. जाधवांच्या बाल्कनीचं दारसुद्धा मोकळं.

रविवारी थोरात आले, सोबत त्यांचे तिघं. आल्याबरोबर त्यांनी टेबलाला एक पूर्ण चक्कर मारली, वाकून चेंजर बघितले, त्या अवघड जागेपाशी थांबले आणि ट्रिगर हातात घेतला. पुढचे चार तास त्या हॉलमध्ये काय आरडाओरडा होता. जाधव पहिल्यांदाच हा खेळ बघत होते, तरी उडालेल्या गाड्या उचलायचं काम त्यांनी मागून घेतलं. कोपऱ्यात ते, नागमोडी वळणांवर सर. एसटीतल्या माणसाची शिस्त, गाडी उडायच्या आधी हात तयार. दुपारी दोघं एकमेकांवर डाफरायला लागले, तुमच्या बाजूची गाडी तुम्ही का नाही उचलली म्हणून. वहिनी जेवणाची ताटं घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहून ते भांडण ऐकत होत्या, आणि मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

निकाल? कुर्डुवाडी जिंकली, पण अर्ध्या फेरीनं. आणि ती अर्धी फेरी कुणी घालवली म्हणाल? शेवटच्या फेरीत मी पुढं होतो. त्या अवघड जागेत, जी मी खास दुसऱ्यांची फजिती करायला काढली होती, तिथं माझी गाडी उडाली आणि थेट जाधवांच्या ताकाच्या भांड्यात पडली. असू दे. आमच्याच ट्रॅकवर ते अर्ध्या फेरीनं जिंकतात म्हणजे ट्रॅक चांगला आहे, असं मी सरांना समजावलं.

संध्याकाळी टेबल सरांच्या हॉलसाठी नव्यानं करायचा विषय निघाला. जाधव म्हणाले, कशाला, राहू दे इथंच, रविवारी सगळ्यांनी यायचं. सरांनी ट्रॅकवर टाकायला घरातून एक जुनी चादर आणली. आता ते रोज संध्याकाळी दोघंच तिथं सराव करतात. विचारल्यावर दोघंही नाही म्हणतात.

जाताना थोरात माझ्याकडे आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, असा ट्रॅक मी घरगुती जागेत बघितलेला नाही, चादरीचं बोलणं मागं घेतो, आणि शेडमध्ये नवा ट्रॅक करायचाय तो तुम्हीच काढून द्या. माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू. आजूबाजूला सगळे ऐकत होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, देतो की, महिनाभरात ड्रॉइंग पाठवतो.

थोरातांनी जिन्याकडे बघितलं. तिथं लक्ष्मण मिस्त्री चहा पीत बसले होते, आणि बशीत बघत हसत होते.

“द्या,” थोरात म्हणाले. “फकस्त कागद पातळ वापरा. आमी दोन्ही बाजूंनी बघून घेऊ.”